सोसायटी ग्रुप (फक्त कामाचे मेसेज)

स्वाती, बी-३०४ (सकाळी ९:१२)
कोणाकडे सुनीता आली आहे का? फोन उचलत नाहीये. या महिन्यातली तिसरी दांडी. माझी दहाला मीटिंग आहे आणि सिंक काल रात्रीपासून भरलेलं आहे.

मोरे वहिनी, ए-२०३
नाही आली. मंगलही नाही आली आमच्याकडे.

ओंकार, सी-४०३
संप 😄

कुलकर्णी काकू, ए-१०४
अगं रेशनला गेल्यात सगळ्या. आत्ता भाजी घेऊन येताना बघितलं, दुकानासमोर ही मोठी रांग. मशीन बंद आहे म्हणे. मागच्या वेळेसारखंच.

जोगळेकर, बी-५०१
ती रांग आपल्या गेटपर्यंत येते त्याचं आधी बघा. काल गाडी बाहेर काढायला दहा मिनिटं हॉर्न मारत बसलो होतो. सेक्रेटरींना मार्चपासून सांगतोय.

पाटील (सेक्रेटरी)
सुप्रभात 🙏 रांगेबाबत दुकानदाराशी बोलणे झाले आहे. तसेच उद्या टाकी सफाई असल्याने सकाळी १० ते दुपारी २ पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.

स्वाती, बी-३०४
मी रांगेचं नाही, दांडीचं विचारतेय. परवा शाळेत पालकसभा, त्याआधी गावची जत्रा, आज रेशन. संध्याकाळी नाही का जाता येत?

जोगळेकर, बी-५०१
फुकट धान्यासाठी तीन तास उभं राहतील, कामाला यायचं म्हटलं की पाय दुखतात. आणि तोच तांदूळ नंतर बाजारात विकतात. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. आपल्या टॅक्सचे पैसे आहेत.

ओंकार, सी-४०३
काका, साबण घेताना जीएसटी सुनीताताईही भरतात.

जोगळेकर, बी-५०१
तू आधी मेंटेनन्स भर.

पाटील (सेक्रेटरी)
कृपया वैयक्तिक नको 🙏

शिंदे काका, ए-१०१
३१ वर्षं पुरवठा खात्यात काढली म्हणून लिहितो. स्वाती, संध्याकाळी सर्व्हर चालेलच असं नाही. चालला तर धान्य शिल्लक असेल असं नाही. आणि या वेळी नुसतं धान्य नाही, ई-केवायसी आहे. कार्डावर जेवढी नावं, तेवढ्यांनी अंगठा लावायचा. ज्याचा राहिला त्याचं धान्य थांबतं. म्हणून पोरांनाही रांगेत उभं केलेलं दिसतं.
जोगळेकर, फुकटचं म्हणाल तर ते जानेवारी २०२३ पासून. त्याआधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये होता. माणशी ५ किलो. अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांचं, पिवळं कार्ड असेल तर घराला ३५ किलो.

जोगळेकर, बी-५०१
म्हणजे चौघांचे २० किलो! आमच्या घरात नाही लागत एवढं.

मोरे वहिनी, ए-२०३
तुमच्या घरात तीन भाज्या, दही, कोशिंबीर असते जोगळेकर. नुसत्या भातावर आणि पोळीवर राहून बघा किती लागतं ते.

शिंदे काका, ए-१०१
आणि सुनीताला २० मिळत नाहीत. तिचा फॉर्म मीच भरला होता म्हणून माहीत आहे. कार्ड गावचं, परभणीकडचं. त्यावर सासू-सासऱ्यांशिवाय ती, नवरा आणि थोरला मुलगा. धाकटी इथे पुण्यात झाली, तिचं नाव चढलेलंच नाही. म्हणजे यांच्या वाट्याचे १५ किलो. चौघांत दिवसाला अर्धा किलो, गहू-तांदूळ मिळून. डाळ, तेल, मीठमिरची बाजारातून. साखर फक्त अंत्योदयवाल्यांना.

कुलकर्णी काकू, ए-१०४
मग चढवायचं ना नाव. जन्मदाखला आहे की तिच्याकडे, मला दाखवला होता.

शिंदे काका, ए-१०१
वहिनी, दाखला असून भागत नाही, इष्टांक शिल्लक लागतो. किती लोकांना धान्य द्यायचं हा राज्याचा आकडा ठरलेला आहे, ७ कोटींच्या आसपास, आणि तो २०११ च्या जनगणनेवर. तिची मुलगी २०११ मध्ये नव्हती, हाच तिचा गुन्हा. कोणाचं नाव कमी झालं की हिचं चढणार.

ओंकार, सी-४०३
म्हणजे आपल्या पार्किंगसारखंच. वेटिंग लिस्ट.

जोगळेकर, बी-५०१
पार्किंगचा विषय काढू नकोस. काढलास तर मग मी बोलेन.

देसाई, सी-३०१
२०२० साली लॉकडाऊनमध्ये धान्याच्या किटसाठी प्रत्येक फ्लॅटकडून ५०० घेतले होते. त्याचा हिशोब अद्याप मिळालेला नाही.

पाटील (सेक्रेटरी)
देसाई साहेब, तो विषय वार्षिक सभेत झाला आहे.

देसाई, सी-३०१
विषय झाला. हिशोब झालेला नाही.

स्वाती, बी-३०४
काका, पण गावी सासू-सासरे आहेत ना तिचे? मग कार्ड गावचं असून ती इथे कसं घेते?

शिंदे काका, ए-१०१
'एक देश, एक कार्ड' झाल्यापासून कुठेही घेता येतं. कार्ड एकच. गावी सासूने महिन्याच्या १ तारखेला अंगठा लावून सगळं उचललं की इथे मशीन शून्य दाखवतं. दोन महिने तसंच झालं. सासूचाही दोष नाही, तिलाही खायचंय. म्हणून विभक्त कार्ड करून घे म्हणून मागे लागलोय. त्याला गावाहून नाव कमी केल्याचा दाखला हवा. ती 'जत्रा' त्यासाठीच होती, स्वाती.

स्वाती, बी-३०४
हे मला बोलली नाही ती.

मोरे वहिनी, ए-२०३
विचारलं होतंस?

जोगळेकर, बी-५०१
मुद्दा असा की रेशनचा तांदूळ विकला जातो. यावर कोणी उत्तर दिलेलं नाही.

शिंदे काका, ए-१०१
विकतात काही. कोणी दवाखान्यासाठी विकतं, कोणी गॅससाठी, कोणी दारूसाठीही. दुकानदारही विकतात, त्यांना आम्ही पकडायचो. त्यावरून रांगेतल्या सगळ्यांना चोर म्हणायचं असेल तर आपल्या सोसायटीत कमी उत्पन्नाची केशरी कार्डं किती आणि कोणाकडे आहेत तेही मला माहीत आहे. लाडकी बहीण योजना आली तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात बऱ्याच ओळखीच्या वहिनी भेटल्या.

ओंकार, सी-४०३
🍿

शहा भाभी, बी-२०१
हा मेसेज डिलीट करण्यात आला

पाटील (सेक्रेटरी)
सर्वांना विनंती, ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे. उद्या टाकी सफाई, १० ते २ पाणी बंद.

मनीषा, सी-२०२
शाळेतून लिहितेय, मधली सुट्टी आहे. सगळं आत्ता वाचलं. जोगळेकर काका, तुमच्याशी वाद घालायचा नाही, फक्त इथलं सांगते. आमच्या मनपा शाळेत खिचडीचं पिंप बाहेरून येतं. शुक्रवारी त्यातली पाव खिचडी उरते. सोमवारी तेवढंच पिंप येतं आणि तळ खरवडावा लागतो. शनिवार-रविवारी पोरांनी काय खाल्लं ते मला हजेरीपेक्षा पिंपावरून जास्त कळतं.
तिसरीत एक मुलगी आहे. अर्धी खिचडी खाते, अर्धी कंपासपेटीत भरते. पट्टी, पेन्सिली दप्तरात सुट्या, पेटीत खिचडी. घरी दोन वर्षांचा भाऊ आहे. पहिल्यांदा मी ओरडले होते तिला, पेटी खराब होते म्हणून.

कुलकर्णी काकू, ए-१०४
अगं बाई.

शहा भाभी, बी-२०१
पण त्या बाळाला अंगणवाडीतून मिळतं ना?

मनीषा, सी-२०२
तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना पाकिटं मिळतात, घरी नेऊन शिजवायची. गरम जेवण तीन ते सहाच्या मुलांना. आई सकाळी सातला कामावर गेली की पाकीट आणणार कोण, शिजवणार कोण? वस्तीतल्या आज्या करतात जमेल तसं.

जोगळेकर, बी-५०१
मनीषा, हे सगळं खरं असेल, पण भावनिक आहे. उपाशी पोरं मेळघाटात असतात, पुण्यात नाहीत. इथे हाताला काम आहे.

मनीषा, सी-२०२
काका, २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. अख्खा महाराष्ट्र, नुसता मेळघाट नाही. पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी, ३६ जणांचं वजन कमी. ही मुलं उपाशी दिसत नाहीत. लहान दिसतात. माझ्या चौथीच्या वर्गाला पाहुणे दुसरीचा वर्ग समजतात.

नाना गोखले, सी-१०१
१९७२ च्या दुष्काळात मी सातवीत होतो, सोलापूर जिल्ह्यात. शाळेत सुकडी मिळायची. घरी मिलोच्या लाल भाकऱ्या, चावता चावत नसत. वडील प्राथमिक शिक्षक होते, तेसुद्धा पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे. त्या रांगेत गावचा पाटील पण असायचा.

ओंकार, सी-४०३
नाना, मिलो म्हणजे ती दुधात घालायची चॉकलेट पावडर?

नाना गोखले, सी-१०१
लाल ज्वारी रे, गाढवा. अमेरिकेहून यायची. तुझ्या आजोबांनीही खाल्ली आहे, विचार त्यांना.

मनीषा, सी-२०२
शाळेत अंडं सुरू झालं होतं तेव्हा त्या दिवशी हजेरी वेगळीच असायची. मग जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे बंद झाले. लोकवर्गणीतून द्या म्हणाले.

शहा भाभी, बी-२०१
शाळेत अंडं नकोच. सगळ्यांची मुलं एकत्र बसतात.

मोरे वहिनी, ए-२०३
न खाणाऱ्यांना केळं मिळायचं हो. तुमची मुलं मनपा शाळेत आहेत का?

शहा भाभी, बी-२०१
माझं मत मांडलं फक्त. आता मत मांडायचं नाही का ग्रुपवर?

ओंकार, सी-४०३
आपण महिन्याला वर्गणी काढू या का? मनीषाताईंच्या वर्गाला आठवड्याला अंडं किंवा केळं. फार होत नाही.

देसाई, सी-३०१
२०२० साली धान्याच्या किटसाठी प्रत्येक फ्लॅटकडून ५०० घेतले होते. त्याचा हिशोब अद्याप मिळालेला नाही. तेव्हा खजिनदार कोण होते हे सर्वांना माहीत आहे.

जोगळेकर, बी-५०१
देसाई, सरळ नाव घ्या ना. पावत्या माझ्याकडे फाइलमध्ये आहेत. तुम्ही बघायला आलात का एकदा तरी? आणि त्या किटमधला तूरडाळीचा पुडा तुमच्याकडच्या कामवालीला दोनदा गेला, तेही फाइलमध्ये आहे.

देसाई, सी-३०१
तिला तीन मुलं होती.

स्वाती, बी-३०४ (११:४६)
सुनीता आली. अंगठा लागलाच नाही म्हणे. मशीन सुरू झालं, हिचा नंबर आला, चार वेळा लावला, दहाही बोटं लावून झाली. दुकानदार म्हणाला, उद्या या.

शिंदे काका, ए-१०१
होतं असं. भांडी घासणाऱ्या, धुणं धुणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या, सगळ्यांचे ठसे झिजतात. राखेचा काळ गेला, आता पावडर आणि तारेची घासणी. रात्री खोबरेल लावून झोपायला सांग.

स्वाती, बी-३०४
मी आत्ता तिची बोटं हातात घेऊन बघितली. अंगठा गुळगुळीत आहे, वाटीच्या बुडासारखा.

जोगळेकर, बी-५०१
ग्लोव्हज वापरायचे.

मोरे वहिनी, ए-२०३
तुम्ही दिलेत?

जोगळेकर, बी-५०१
हा मेसेज डिलीट करण्यात आला

ओंकार, सी-४०३
शिंदे काका, मोबाईलवर चेहऱ्यावरून ई-केवायसी होते ना? अ‍ॅप आहे माझ्याकडे, आमच्या आजीची तशीच केली. मी येतो खाली.

ओंकार, सी-४०३ (१२:२०)
नाही झाली. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर तिच्या नवऱ्याचा जुना, तीन वर्षांपूर्वी बंद पडलेला. आता आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायचा. तिथेही अंगठा लागतो 🤦

शिंदे काका, ए-१०१
उद्या मी येतो तिच्याबरोबर दुकानात. नव्या मशीनला डोळ्याचा स्कॅनर असतो, बरेच दुकानदार कंटाळा करतात काढायचा. नाहीच ऐकलं तर तिथूनच १९६७ ला फोन लावतो. थोरल्या मुलाचंही आधार बघायला हवं, मूल पाच वर्षांचं झालं की ठसे द्यावे लागतात, ते राहिलं असणार.
एक सांगून ठेवतो. विभक्त कार्डासाठी उत्पन्न विचारतील. शहरात प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे माणशी ५ किलोवाल्या कार्डाची, मर्यादा वर्षाला ५९,००० आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. मी नोकरीत होतो तोवर तीच होती.

स्वाती, बी-३०४
पाच हजार? पाच घरं करते ती. आम्हीच दोन हजार देतो.

शिंदे काका, ए-१०१
म्हणून म्हणतो, पगाराचं पत्र वगैरे कोणी प्रेमाने लिहून देऊ नका. सरकारच्या हिशोबात श्रीमंत होईल बिचारी.

देसाई, सी-३०१
हिशोबावरून आठवलं.

पाटील (सेक्रेटरी)
देसाई साहेब 🙏🙏

कुलकर्णी काकू, ए-१०४
स्वाती, तिला आधी चहा-पोळी दे काहीतरी. सकाळपासून उभी आहे.

स्वाती, बी-३०४
दिली. दोन पोळ्या खाल्ल्या, एक कागदात गुंडाळून ठेवली. मी बघतेय हे तिला कळलं तशी म्हणाली, नंतर खाते.

मनीषा, सी-२०२
असू दे. विचारू नकोस.

जोगळेकर, बी-५०१
उद्या पुन्हा रांग गेटपर्यंत येणार असेल तर दुकानदाराला सांगून ती निदान भिंतीच्या बाजूने लावायला लावा. सावली तरी आहे तिथे.

पाटील (सेक्रेटरी)
नोंद घेतली आहे.

स्वाती, बी-३०४
सुनीता उद्या सातलाच नंबर लावणार आहे. दुकान नऊला उघडेल, काका बरोबर आहेत, म्हणजे साडेदहापर्यंत नक्की येते म्हणाली. मी बरं म्हटलंय. आजची भांडीही तेव्हाच करेल, तिला घरी पाठवलं.

पाटील (सेक्रेटरी)
पुन्हा एकदा. उद्या टाकी सफाई, सकाळी १० ते दुपारी २ पाणी बंद राहील.

स्वाती, बी-३०४
अरे देवा.