शिट्टी ऐकू येते, शब्द नाही

‘श्रवणयंत्र काय नि कानात घालायचा साधा आवाजवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) काय, दोन्ही आवाजच वाढवतात, मग दोन हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर काय वाईट?’ असं कुणी म्हणतं, ते अर्धंच पटतं. बाबांसाठी तसलाच घेतला होता. कुकरची शिट्टी, ताटल्यांचा खणखणाट दणक्यात. आई काय म्हणतेय ते मात्र धूसरच. वयोमानाने बहुधा आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, म्हणजे स, श, फ हरवतात. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर सरसकट सगळंच वाढवतो.

अमेरिकेहून ‘ओटीसी’ (ओव्हर-द-काउंटर) श्रवणयंत्र मागवणार असाल तर, ऑक्टोबर २०२२ पासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळणारी ही यंत्रं १८ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आणि फक्त सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहेत. बाबांचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढला तेव्हा कळलं, एक कान त्याच्या पार पलीकडे गेलाय. (दुसऱ्यात निम्मा मळच निघाला!)