मदत हवी आहे : ‘ग्ल’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द

नमस्कार मंडळी,

मी नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिमर, ग्लिसन या सगळ्यांपुढे मुलं ‘चमकणे’ एवढंच लिहून मोकळी होतात. मराठीत झगमगणं, लुकलुकणं, तकाकणं, मिणमिणणं असताना हे मनाला पटत नाही.

काही जोड्या मला जमल्यात. ग्लो म्हणजे ज्वाळा नसलेला उजेड, राखेखालच्या निखाऱ्याचा. ग्लिसन ही ओलाव्याची चमक. घामेजलेलं कपाळ, दव पडलेलं अळूचं पान. ग्लिटर झगमगतं, ग्लिमर मिणमिणतं. अडतंय ते ग्लीम आणि ग्लिंटपाशी. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळेची ती ग्लीम आणि सुरी फिरवताना पात्यावर क्षणभर चमकून जातो तो ग्लिंट, असं मला वाटतं. पण दोन्हींना नेमकी मराठी क्रियापदं कोणती द्यावीत?

दुसरी अडचण. सुरुवातीच्या ध्वनीला असा अर्थ चिकटतो तेव्हा त्याला फोनेस्थीम म्हणतात. हा शब्द भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये वापरला. स्नोर, स्निफ, स्नॉर्ट, स्नाउट हे असेच नाकाशी जोडलेले. मुलांना हे फार आवडेल, पण ग्लव्ह आणि ग्लू यांचा उजेडाशी काहीच संबंध नाही. मग हा नियम नाही, नुसता कल आहे, हे त्यांना कसं समजावायचं? कुणी वर्गात असं काही करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मराठीतली अशी उदाहरणंही हवी आहेत.