'व्यभिचार', 'अनैतिक', 'न शोभणारे वर्तन' : खाकीला कुठला शब्द लावायचा?

मुद्रितशोधक
गुजरात उच्च न्यायालयाच्या 2022 मधल्या एका निकालावरचा लेख तपासायला आलाय. अहमदाबादचा एक विवाहित पोलीस शिपाई, त्याच पोलीस वसाहतीत राहणारी एक विधवा, दोघांचे राजीखुशीचे संबंध. तिच्या घरच्यांनी तक्रार केली आणि 2013 मध्ये शिपाई बडतर्फ झाला. न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. समाजाच्या नजरेत हे अनैतिक असेल, पण खाजगी बाब आहे, वर्तणूक नियमांतली गैरवर्तणूक नव्हे, असा एकूण सूर.
लेखकाने सगळीकडे 'व्यभिचार' लिहिलंय. मी 'विवाहबाह्य संबंध' केलं. संपादकांनी ते खोडून 'अनैतिक संबंध' केलं. उद्या संध्याकाळी पान लागणार. काय ठेवू?

काळा कोट
कायद्याच्या अंगाने 'व्यभिचार' इथे बसतच नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 497 फक्त दुसऱ्याच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय ठेवलेल्या संबंधांपुरतं होतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, तीही फक्त पुरुषाला. इथली बाई विधवा. म्हणजे 2013 मध्ये कलम जिवंत असूनही या शिपायाला ते लागलं नसतं! गुन्हा म्हणून ते गेलं 27 सप्टेंबर 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. (1985 मध्ये हेच कलम वैध ठरवणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड, आणि ते रद्द करणाऱ्या पाच जणांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. वकिलांच्या चहाच्या टेबलावरचा हा आवडता किस्सा.)
घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अजून आहे. फौजदारीतून गेला, दिवाणीत राहिला.
जाता जाता, संहितेच्या हिंदी पाठात शब्द आहे 'जारकर्म'. जार म्हणजे परस्त्रीचा यार, पुरुषच. कलमाला इतका चपखल शब्द दुसरा नाही. मराठी वर्तमानपत्रांनी तो कधी उचलला नाही, कारण आपल्याकडे 'जार' म्हटलं की लोणच्याची बरणी.

बोरू
'व्यभिचार' मुळात एवढा बदनाम नाही हो. वि + अभि + चर, ठरल्या वाटेवरून भलतीकडे जाणं. न्यायशास्त्रात (म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, कोर्टाच्या नव्हे) हेतू, म्हणजे दिलेलं कारण, साध्याला सोडून इतरत्रही सापडला की तो 'सव्यभिचार'. नाट्यशास्त्रातले 33 व्यभिचारी, म्हणजे येणारे-जाणारे, भाव तर शाळेत पाठ केलेत, त्यात गुरुजींना अवघडल्यासारखं व्हायचं म्हणून ते 'संचारी' म्हणायचे. गीतेत भक्ती 'अव्यभिचारिणी' आहे. ढळणं हा मूळ अर्थ, बिछाना नंतर आला.

शनवारपेठी
पेशवाईत पुण्याच्या कोतवालीकडे हे सगळं यायचं. तेव्हाचे शब्द 'बदकर्म' आणि 'शिंदळकी'. पुरुष बहुधा दंड भरून सुटायचा, बाईला मात्र सरकारची कुणबीण, म्हणजे गुलाम, करून किल्ल्यावर वा कारखान्यात राबवायला पाठवलं जाई. 'बदफैली' फारसीतून आलेला, फैल म्हणजे कृत्य.
गंमत बघा, पुरुषासाठी आपल्याकडे शब्द कसे मऊ : बाहेरख्याली, छंदीफंदी, रंगेल. 'ख्याली' म्हटल्यावर तर गवई वाटतो. आणि बाईसाठीचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

हेडक्लार्क (निवृत्त)
मी एका जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात आस्थापनेला बरीच वर्षं काढली. तिथलं सांगतो. आदेशात 'व्यभिचार' शब्द कधीच येत नाही. तोंडी बोलताना "अमक्याने शेण खाल्लं", "त्याचं लफडं निघालं", "साहेबांनी ओ.आर.ला (ऑर्डर्ली रूम, साहेबांपुढची पेशी) उभा केला", "डी.ई. (खातेनिहाय चौकशी) लागली". पण कागदावर आलं की लफड्याचं 'नैतिक अधःपतन' होतं आणि पुढे ठरलेलं वाक्य : सदर वर्तन बेशिस्तीचे असून त्यामुळे पोलीस दलाची प्रतिमा मलीन झाली आहे.
याचं कारण आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करायची बंदी स्पष्ट लिहिली आहे. हुंड्याचं लिहिलं आहे. लग्नाशिवायच्या संबंधांचं नाव घेतलेलं नाही. मग कारकून काय करणार? शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारी कृती करू नये, हे जे सर्वसाधारण वाक्य आहे, त्या पोत्यात सगळं भरायचं. दारू पिऊन गोंधळ घातला, न शोभणारं. शेजारणीकडे गेला, न शोभणारं. शिक्षा मात्र मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, 1956 खाली, सक्त ताकिदीपासून बडतर्फीपर्यंत.
मी असे मसुदे टंकले आहेत. कित्येकदा बायको तक्रार घेऊन आलेली असायची, पोराला कडेवर घेऊन, बाकावर तासन् तास. आदेश निघाला की त्यात तिचा उल्लेख एका ओळीचा, बाकी सगळी 'प्रतिमा'. फसवलं बायकोला, माफी मागायची खात्याची. हे तेव्हा मला खटकत नव्हतं, आता खटकतं.

लाईनीतली
काका, तुमच्या बाकावर बसलेल्या बायकांच्या मुलींपैकीच मी एक समजा. पोलीस लाईनीत वाढले. एक शब्द कुणी घेतला नाही अजून : चारित्र्य.
एकाच पोलीस ठाण्यात तो तीन अर्थांनी वावरतो. नोकरीला लागताना 'चारित्र्य पडताळणी' करायला जा, तिथे चारित्र्य म्हणजे तुमच्यावर गुन्हा दाखल नाही एवढंच. शेजारच्या टेबलावर फिर्याद लिहिली जाते : 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीस मारहाण'. तिथे चारित्र्य म्हणजे बाईची एकनिष्ठा. 'पतीच्या चारित्र्याच्या संशयावरून' असं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. आणि आतल्या खोलीत हवालदाराची चौकशी चालू असते, तिथे चारित्र्य म्हणजे गणवेशाची इस्त्री.
'अनैतिक संबंधातून खून' हेही तसंच. बातमीत मेलेल्या माणसाचा न्याय आधीच होऊन जातो. म्हणून संपादकांचा 'अनैतिक' मला अजिबात नको. तो वर्णन करत नाही, शिक्का मारतो.

काळा कोट
लाईनीतली ताई, मान्य. एक भर घालतो. सैन्याकडे या प्रकाराला वेगळंच नाव आहे. सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचं 'प्रेम चोरणं'! आर्मी अॅक्ट, 1950 च्या कलम 45 मधलं न शोभणारं वर्तन म्हणून कारवाई होते. 2018 चा निकाल सशस्त्र दलांच्या कायद्यांबद्दल नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला स्पष्ट केलं, म्हणून ती वाट तिथे उघडी आहे. पोलीस नागरी सेवेत मोडतात, त्यांना ही चोरी लागू नाही.

बोरू
प्रेम चोरणं म्हणजे मालक ठरला नवरा, ऐवज ठरला प्रेम, आणि बायको बहुधा तिजोरी.

हेडक्लार्क (निवृत्त)
हाहा. पण एक गोष्ट वेगळी ठेवा. ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या बाईशी तपास अधिकाऱ्याने सूत जुळवलं, तर तिथे 'विवाहबाह्य' म्हणू नका. तो अविवाहित असला तरी ते वाईटच. त्याला 'पदाचा गैरवापर' म्हणायचं. जुन्या आदेशांत या दोन्हींना एकच 'अधःपतन' लावलेलं असायचं, चूक होती ती.

मुद्रितशोधक
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : लेखात 'विवाहबाह्य संबंध'. 'अनैतिक' फक्त न्यायालयाचं म्हणणं सांगताना, कारण तो त्यांचा शब्द. 497 च्या परिच्छेदात 'व्यभिचार'. 'गैरवर्तणूक' नियमांपुरती, तिथे 'गैरवर्तन' करायचं नाही.
संपादकांनी मान्य केलं, पण मथळ्यात अक्षरं जास्त होतात म्हणून तिथे 'प्रकरण' टाकलंय. 'शिपायाचं प्रकरण'. बसतंय, पण अर्ध्या वाचकांना लाचलुचपत वाटेल. चार अक्षरांत काही सुचतंय का?