मदत हवी आहे: गेमिंग पीसी जोडतोय, ग्राफिक्स कार्डपाशी अडलोय

मॉनिटर सोडून बजेट ९० हजार. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड पक्का, कारण त्याच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो तो खाचा) पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. आता कार्ड: आरटीएक्स ४०६० टीआय (८ जीबी मेमरी) की आरएक्स ७७०० एक्सटी (१२ जीबी)? खेळणार १४४०पी रिझोल्यूशनवर (२५६०×१४४० पिक्सेल), तिथे कार्डची मेमरी जास्त लागते, त्यामुळे माझा कल १२ जीबीकडे. पण ते २४५ वॉट खातं, दुसऱ्याचं १६० मध्ये भागतं. ६५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरेल ना?

आम्ही फोंड्याचे, पावसात वीज कधी जाईल नेम नाही, म्हणजे यूपीएस आलाच. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेल्या) पॉवर सप्लायला साधा, स्वस्तातला यूपीएस चालतो का? आणि पणजी-मडगावात सुटे भाग हातात घेऊन बघता येतील असं दुकान आहे का कुठे? वॉरंटीसाठी बेळगाव गाठायची माझी तरी तयारी नाही.