प्रतिसाद: बुझेक २००१ला संपले नव्हते

वर म्हटलंय की २००१च्या निवडणुकीत पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान येझी बुझेक यांचं राजकारण आटोपलं. आघाडीचं आटोपलं, त्यांचं नाही. त्यांच्या आघाडीला ५.६ टक्के मतं पडली. एकट्या पक्षाला ५ टक्के पुरले असते, पण पोलंडमध्ये आघाडी म्हणून नोंदणी केली की जागा मिळण्याचा उंबरठा ८ टक्क्यांचा. कनिष्ठ सभागृहात सत्ताधारी आघाडीचा एकही खासदार निवडून आला नाही!

कारण सुधारणांच्या घाईत आहे. प्रशासन, आरोग्य, निवृत्तिवेतन, शिक्षण, चारही गाडे १९९९मध्येच हाकले. प्रांत ४९ होते. सरकारला १२ हवे होते, ओढाताणीत १६ झाले. जून २०००मध्ये मित्रपक्ष बाहेर पडला, तरी अल्पमतात गाडा रेटून मुदत पुरी केली, हे कमी नाही.

२००४ला ते युरोपीय संसदेत गेले आणि १४ जुलै २००९ला ५५५ मतांनी अध्यक्ष झाले. पूर्वीच्या साम्यवादी गटातल्या देशातून आलेले पहिलेच. या पदाची मुदत अडीच वर्षांचीच असते, आणि पुढची अडीच वर्षं त्यांना मिळणार नव्हती, कारण संसदेतल्या दोन मोठ्या गटांनी पद आधीच वाटून घेतलं होतं. २०१२ला खुर्ची समाजवादी गटाच्या मार्टिन शुल्झ यांच्याकडे गेली. माझ्या मते बुझेक यांचं खरं काम ऊर्जाधोरणात दिसतं: २०१४ ते २०१९ उद्योग-ऊर्जा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं.