मदत हवी आहे : थोरली मुलगी अकाली मोठी होत आहे

नमस्कार. पतीपासून विभक्त होऊन मला चार वर्षे झाली. तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा माझ्याजवळ राहतात आणि महिन्यातून दोनदा वडिलांकडे जातात. नोकरी, घर आणि शाळा यांची घडी एकदाची बसली असे वाटत असतानाच पुढील प्रसंग घडला.

मागील आठवड्यात मुलीच्या कंपासपेटीत, पट्टीखाली, चार घड्या घातलेले शाळेच्या सहलीचे संमतीपत्र सापडले. त्यावरची मुदत केव्हाच उलटली होती. विचारल्यावर "मला जायचेच नव्हते" एवढेच म्हणून ती धाकट्याचे दप्तर भरू लागली. परंतु पालकाच्या सहीच्या जागी पेन्सिलीने माझे नाव लिहून खोडल्याची खूण स्पष्ट दिसत होती. खर्चाला मी नकार दिला नव्हता. माझ्यापर्यंत प्रश्न येऊच दिला गेला नव्हता.

मग मागचे एकेक आठवू लागले. महिनाअखेरीचा हिशेब मी तिच्यासमोरच मोठ्याने करते, आणि तिच्या वडिलांविषयीचा सलही, हे लिहिताना संकोच वाटतो, अनेकदा तिच्यापाशीच बोलून दाखवला आहे. "किती समजूतदार मुलगी!" असे लोक म्हणत तेव्हा मला अभिमान वाटे. वडिलांकडून परत आल्यावर धाकटा तिथल्या गमती सांगू लागला की ती त्याला डोळ्यांनीच गप्प करते.

भावाचा अभ्यास घेण्याचे काम मी तिच्याकडून काढून घेऊन पाहिले, तर तिने विचारले, "माझे काही चुकले का?" तिचा मान न दुखावता तिच्यावरचा हा भार कसा उतरवावा? अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
मी शालेय समुपदेशक आहे. मुलाने आईवडिलांची भूमिका अंगावर घेण्याच्या या प्रकाराला कुटुंबोपचारात 'पालकीकरण' म्हणतात. इव्हान बोसोरमेनी-नाज आणि जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. माझ्या अनुभवात दप्तर भरण्याने वा घरकामाने मूल सहसा दबत नाही; आईला सांभाळणे हे आपले काम आहे असे वाटू लागले की मात्र दबते. म्हणून कामे सरसकट काढून घेऊ नका, नाहीतर तिला ती शिक्षा वाटेल. दोन-तीन ठरावीक कामे तिच्याकडे राहू द्या आणि चिंता तेवढी परत घ्या. हिशेब ती समोर नसताना करा. मनातला सल एखाद्या मोठ्या माणसापाशी बोला, मग ती बहीण असो, मैत्रीण असो वा समुपदेशक. आणि "पैशांची काळजी करणे हे माझे काम आहे, तुझे मागणे मला कळलेच पाहिजे" हे तिला याच शब्दांत सांगा, कारण अशी मुले न बोललेले फार अचूक वाचतात.

वडिलांच्या बाबतीत, बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेतील नववे कलम, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित संबंध राखण्याचा हक्क मुलाला देते. तो हक्क तिने तुमच्याखातर चोरून भोगू नये. पुढच्या वेळी धाकटा सांगू लागला की हातातले काम ठेवून ऐका. तिच्याकडे पाहूही नका. झोप उडणे, वारंवार पोट दुखणे, मैत्रिणींना टाळणे असे काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मात्र तज्ज्ञांना भेटा.

धागाकर्ती :
मनापासून आभार. "तिच्याकडे पाहूही नका" हे वाचून थबकले, कारण अशा वेळी मी नेमकी तिच्याकडेच पाहत आले आहे. सहलीला उशिरा नाव घेतील का, असे उद्या शाळेत विचारू का?

प्रतिसाद १ :
आधी तिला विचारा. ती "नको" म्हणाली तर लगेच मान्य करू नका. संमतीपत्र सही करून तिच्या हाती द्या आणि दोन दिवस थांबा.