मदत हवी आहे: सेकंड-हँड एचओ मॉडेल रेल्वे इंजिन लंगडत चालतंय, गिअर कसा बनवून घ्यावा?

एचओ स्केलचं (१:८७, रूळ १६.५ मिमी) जुनं डिझेल इंजिन घेतलंय. साधं १२ व्होल्ट डीसी, डिकोडर (डिजिटल कंट्रोलची चिप) नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन अडखळतं. वेग वाढवला की आवाजही तितकाच भरभर येतो, उलट दिशेलाही तेच.

रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलीत. कार्बन ब्रश ठीक आहेत. बोगी (इंजिनाखालचा चाकं-गिअरचा सांगाडा) काढून नुसती मोटर चालवली तर एकसारखी फिरते, म्हणून वीजपुरवठ्यावर माझा संशय नाही. चाकांमधलं अंतरही बरोबर आहे. भिंगातून पाहिल्यावर एका ॲक्सलच्या प्लास्टिक गिअरला केसाएवढी चीर दिसते. जुन्या इंजिनांत हे बऱ्याचदा होतं म्हणे, गिअर ॲक्सलवर घट्ट बसवलेला असतो, त्या ताणाने तडकतो.

सुटा भाग परदेशातून मागवला तर पोस्टेज आणि कस्टम्स धरून इंजिनापेक्षा महाग पडतोय. चीर चिकटवायची नाहीये, पुन्हा उघडेल. इथे कोल्हापुरात उद्यमनगरात बारीक काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून एकच नग करून घ्यायचा विचार आहे. हे इंजिन मला शोकेसमध्ये नाही, रुळावर हवंय.

कारागिराला दात, बाहेरचा व्यास आणि भोक एवढी मापं पुरतील का, की मॉड्यूलही (दातांच्या आकाराचं माप) काढून द्यावं लागेल? आणि पितळ घ्यावं की डेलरिन (एक टणक प्लास्टिक)?